बर्फ नाही, शिबिर आहे: आइस हॉकीसाठी स्केटिंग कुठून सुरू करावं?

लष्करकर | 2 नोव्हेंबर, रात्री 9:50

नमस्कार मंडळी,

मी ग्वाल्हेरचा. नोकरी बँकेत, आणि संध्याकाळी कॉलनीतल्या बास्केटबॉलच्या मैदानावर पोरांना इनलाइन हॉकी (एका रांगेत चाकं असलेल्या स्केट्सवरची) शिकवतो. शिकवतो म्हणजे काय, पस्तिशीनंतर स्वतः शिकलो आणि जे आलं ते पुढे देतो. यंदा आमची सहा मुलं (चार मुली, दोन मुलगे, सगळी बारा-तेराची) जानेवारीत लेहला आइस हॉकीच्या आठ दिवसांच्या शिबिराला निघाली आहेत. मीही सोबत. त्यातले पहिले तीन दिवस विरळ हवेची सवय होण्यात जाणार. म्हणजे बर्फावर पाच दिवस, रोज तासभर. एकूण पाच तास!

यातल्या एकानेही बर्फावर पाय ठेवलेला नाही. मी दोनदा ठेवलाय, गुडगावच्या मॉलमधल्या रिंकवर, आणि बहुतेक वेळ कठडा धरून होतो.

प्रश्न दोन. इथे दहा आठवडे हातात आहेत, बर्फाशिवाय काय करून घेता येईल? आणि तिथे पाच तासांत क्रम काय ठेवावा? मी आखलेला क्रम असा: पहिल्या दिवशी तोल आणि सरळ पळणं, दुसऱ्या दिवशी थांबणं, तिसऱ्या दिवशी क्रॉसओव्हर (वळताना एक पाय दुसऱ्यावरून टाकणं), चौथ्या दिवशी उलटं स्केटिंग, पाचव्या दिवशी पक (हॉकीची रबरी चकती) घेऊन सामना. कुठे चुकतंय ते सांगा.

गजकप्रेमी | 2 नोव्हेंबर, रात्री 10:05

उसाच्या रसवाल्याकडे बर्फाची लादी मिळते. दोन लाद्या आणा, दोन पायांना दोन.

टोरांटोकर | 3 नोव्हेंबर, सकाळी 7:20

मूळचा ग्वाल्हेरच्या दालबाजाराचा, गेली एकोणीस वर्षं इकडे. मुलांच्या निमित्ताने इथल्या क्लबात सहा-सात हिवाळे लहान पोरांचे हात धरून बर्फावर फिरलोय, म्हणून चार शब्द.

लष्करकर, तुमचा क्रम पाच महिन्यांचा आहे, पाच तासांचा नाही. राग मानू नका.

सगळ्यात आधी बसणं. म्हणजे अर्धी बैठक. पाय खांद्याइतके फाकलेले, गुडघे इतके वाकलेले की खाली बघितलं तर बुटाचा पुढचा भाग गुडघ्यामागे लपावा. छाती वर, नजर समोर. नवशिक्याला भीती वाटली की तो ताठ उभा राहतो, आणि ताठ उभा राहिला की मागच्या मागे पडतो. इथे पोरांना शिकवताना माझ्या तोंडी दर मिनिटाला एकच शब्द असायचा: बसा, बसा, बसा. एका गोऱ्या पोराने घरी जाऊन आईला विचारलं, 'बसा' म्हणजे काय.

मग पडणं. मुद्दाम पडायचं, बाजूला, मांडीवर. हात मागे टेकायचे नाहीत. उठताना एक गुडघा बर्फावर, दुसरं पातं बर्फात रोवायचं, दोन्ही हात त्या वरच्या गुडघ्यावर आणि उभं. हे वीस वेळा केलं की भीती निम्मी होते.

आता पात्याबद्दल, कारण खरी गंमत तिथे आहे. हॉकीच्या स्केटचं पातं जेमतेम तीन मिलिमीटर जाडीचं. पण त्याचा तळ सपाट नसतो, मधून लांबलचक खोबण असते. त्यामुळे एका पात्याला दोन कडा, आतली आणि बाहेरची. स्केटिंगमधलं झाडून सगळं या चार कडांवर चालतं. चालताना आपण पाय मागे रेटतो. बर्फावर तसं केलं तर पातं लांबीच्या दिशेने नुसतं सटकतं आणि तुम्ही जागच्या जागी सायकल मारता. म्हणून पाऊल बाहेर वळवायचं आणि आतल्या कडेने तिरकं बाजूला रेटायचं, गुडघा पूर्ण सरळ होईपर्यंत. मग तो पाय परत अंगाखाली आणायचा. हे 'परत अंगाखाली' सगळे विसरतात, आणि मग पोर दोन रुळांवरून चालल्यासारखं फाकूनच पळतं.

स्टिक पहिल्या दिवसापासून हातात द्या. पक देऊ नका. पक दिसला की मान खाली जाते, मान खाली गेली की गुडघे सरळ होतात.

मुरारची_ताई | 3 नोव्हेंबर, दुपारी 2:15

टोरांटोकर, सगळं पटलं, स्टिकचं सोडून. मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते, चार चाकांच्या (दोन पुढे, दोन मागे) स्केट्सवर पोरांना उभं करण्यात बावीस वर्षं गेली. पोराच्या हातात स्टिक दिली की ते तिला म्हाताऱ्याच्या काठीसारखं टेकतं. सगळा भार पुढे हातांवर. मग तोल कधीच येत नाही. आधी हात मोकळे ठेवा.

दुसरं, लष्करकरांना एक विचारायचंय. ही मुलं सुरुवातीपासून इनलाइनवरच का, की आधी चार चाकांवर होती? आधी चार चाकांवर असतील तर सावध. त्या बुटाला पुढे रबरी गोळा असतो, पोरं थांबायला आणि पळत निघायला चवड्यावर चढतात. हॉकीच्या पात्याला पुढे काहीच नसतं, टोक गोल. चवड्यावर चढलं की थेट नाकावर.

लष्करकर | 3 नोव्हेंबर, रात्री 8:40

ताई, सहापैकी तिघी चार चाकांवरूनच आल्यात. आणि त्यातली एक अजून निघताना चवड्यावर चढते. मला ती तिची स्टाइल वाटायची!

टोरांटोकर | 4 नोव्हेंबर, सकाळी 6:55

ताई, काठीचा मुद्दा खरा आहे. पण स्टिक न देता शिकवलं तर नंतर दिली की पुन्हा पहिल्यापासून. मधला रस्ता सांगतो. स्टिक एका हातात, वरच्या हातात, आणि स्टिकचं पातं बर्फापासून उचललेलं. टेकली की दोन बैठका.

रूपसिंगभक्त | 4 नोव्हेंबर, सकाळी 11:30

ग्वाल्हेरात हॉकीचा धागा आणि कॅप्टन रूपसिंगांचं नाव नाही? 1932 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेला आपण 24-1 हरवलं, त्यातले दहा गोल रूपसिंगांचे, आठ दादा ध्यानचंदांचे. शिंद्यांच्या फौजेत नोकरीला इथे आले आणि इथलेच झाले. त्यांच्या नावाचं स्टेडियम लोकांना सचिनच्या 2010 मधल्या दोनशे धावांमुळे माहीत, हे आमचं दुखणं.

विषयाला धरून एक सांगतो. मी मातीवर आणि नंतर टर्फवर हॉकी खेळलेला माणूस. आमची स्टिक आखूड, त्यामुळे आम्ही कमरेतून वाकतो. गेल्या वर्षी पुतण्याच्या इनलाइन स्केट्सवर चढून तसाच वाकलो आणि दोन पावलांत जमिनीला दंडवत. तेव्हा कळलं की स्केटवर कमरेतून वाकायचं नसतं, गुडघ्यातून बसायचं असतं. तिथली स्टिक म्हणूनच लांब, स्केट घालून उभं राहिलं तर हनुवटीपर्यंत. फील्ड हॉकीवाली पोरं आली तर आधी त्यांची कंबर सरळ करा.

इंदूरी_शेव | 4 नोव्हेंबर, दुपारी 12:10

आमच्याकडे इंदूरला एवढ्या बर्फावर सराफ्यात गोळे करून विकले असते.

गजकप्रेमी | 4 नोव्हेंबर, दुपारी 12:14

आणि वर शेव टाकली असती.

जुना_तेरा_नंबर | 4 नोव्हेंबर, रात्री 11:45

मी इनलाइनवरून बर्फावर गेलेला खेळाडू आहे, त्यामुळे लष्करकरांच्या मुलांचं काय होणार ते डोळ्यांसमोर दिसतंय. टोरांटोकर सांगतायत ते शून्यापासून शिकणाऱ्यांसाठी. ही मुलं शून्यावर नाहीत. ती बर्फावर उतरतील आणि पहिल्या दहा मिनिटांत सुसाट पळतील. आयोजक टाळ्या वाजवतील. मग समोर कडेचा बर्फाचा ढीग येईल.

त्यांना थांबता येणार नाही. चाकांवर आपण एक पाय मागे आडवा घासून थांबतो. चाक बाजूला सरकत नाही, रबर जमिनीला धरतं. बर्फावर उलटं आहे, तिथे पातं आडवं सरकवून बर्फ खरवडायचा असतो. खरवडण्यासाठी पातं जवळजवळ सपाट ठेवून हळूहळू दाब वाढवावा लागतो. चाकांच्या सवयीने पोरगं एकदम कड रोवतं, पातं अडकतं आणि तुम्ही वरून पलीकडे.

म्हणून माझं मत: पहिला तास फक्त थांबणं. मैदानाच्या कडेला दोन्ही हातांनी धरून उभं राहायचं, आणि एक पाय बाहेरच्या बाजूला ढकलून बर्फाचा भुगा काढायचा. किसणीवर नारळ किसतो तसा आवाज आला पाहिजे. खर्रर्र. आवाज नाही आला तर कड जास्त रोवली. दोन्ही पायांनी भुगा निघाला की मग हळू चालीत स्नोप्लाऊ: बोटं आत, टाचा बाहेर, गुडघे वाकलेले, नांगरासारखं. हॉकी स्टॉप, म्हणजे दोन्ही पाती एकदम आडवी, त्याचा विचार पाचव्या दिवशी. तोही एकाच बाजूने. दुसरी बाजू पुढच्या वर्षी.

आणि हो, भाड्याचे स्केट्स असतील तर धार तपासून घ्या. खोबण खोल असेल तर पकड जास्त आणि थांबणं अवघड. उथळ असेल तर थांबणं सोपं, पण वळताना सुटतं. नखावर पातं हलकं ओढून बघा, पापुद्रा निघाला तर धार आहे. नवीन कोरे स्केट्स तर बहुधा धार न लावताच डब्यातून निघतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. अख्खा पहिला दिवस मी स्वतःला नालायक समजत होतो.

टोरांटोकर | 5 नोव्हेंबर, सकाळी 7:05

तेरा नंबर, मान्य. माझ्यासमोर चार वर्षांची पोरं होती, तुमच्यासमोर पळणारी. थांबणं आधी घ्या. पण बैठकीशिवाय थांबणंही नाही, एवढा माझा हट्ट ठेवा.

अस्थिपंजर | 5 नोव्हेंबर, रात्री 9:15

डॉक्टर म्हणून मध्ये पडतो. (पडण्याचा विषय आहेच.)

लेह सुमारे 3,500 मीटरवर आहे. विमानाने उतरल्यावर पहिले दोन दिवस पळापळ नाही, जिनेसुद्धा सावकाश. डोकं दुखतंय, मळमळतंय असं पोर म्हणालं तर 'नाटकं करू नको' म्हणायचं नाही. लगेच मोठ्यांना आणि डॉक्टरला सांगायचं. तीन दिवस वाया जात नाहीत, तीन दिवसांत पुढचे पाच सुरक्षित होतात.

हेल्मेट जाळीसकट, हातमोजे सक्तीचे, आणि गळपट्टी (पात्याच्या कापापासून गळा वाचवणारी). आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाने आपल्या स्पर्धांमध्ये गळपट्टी सक्तीची केलेली आहे, तेव्हा 'आम्ही तर नुसतं शिकतोय' हे कारण चालणार नाही. पडल्यावर मुठी आवळायच्या, बोटं पसरून बर्फावर ठेवायची नाहीत. मागून येणाऱ्याचं पातं बोटं ओळखत नाही.

बूट बांधताना टाच मागे ठोकून मग नाड्या. आपल्याकडे 'वाढता पाय आहे' म्हणून एक नंबर मोठा घेतात, इथे ते करू नका. घोटा बुटात हलला की मुलाचे पाय आत कलतात आणि आपण म्हणतो, पोराच्या घोट्यात जोर नाही.

कंपूवाला_भाऊ | 6 नोव्हेंबर, सकाळी 10:00

स्पष्ट बोलतो, वाईट वाटेल. ग्वाल्हेरात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, आणि ही मुलं आइस हॉकी शिकणार. घरापाशी फील्ड हॉकीच्या मुलींची राज्य अकादमी आहे, तिथे घाला. लेहचं विमान, स्केट्स, गणवेश, हा कोणाच्या हौसेचा खर्च? मुलांच्या की मास्तरांच्या?

लष्करकर | 6 नोव्हेंबर, दुपारी 1:20

भाऊ, थोडा माझ्याही हौसेचा. नाकारत नाही. पण स्केट्स शिबिरात मिळतात, आणि विमानासाठी पालकांनी वर्षभर भिशी लावली होती. तुम्ही एक संध्याकाळ मैदानावर या, मग बोलू.

रूपसिंगभक्त | 6 नोव्हेंबर, दुपारी 1:50

भाऊ, भारताच्या महिला आइस हॉकी संघात बहुतेक मुली लडाखच्या. गोठलेल्या तळ्यावर शिकलेल्या, वर्षात दोन-तीन महिने बर्फ. 2016 मध्ये पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा, 2017 मध्ये बँकॉकला फिलिपिन्सविरुद्ध पहिला विजय, 2025 मध्ये अल ऐनला आशियाई स्पर्धेत कांस्य. ज्यांच्याकडे बर्फ आहे त्यांनाही तो पुरत नाही. सोव्हिएत संघ 1954 मध्ये पहिल्यांदा विश्व स्पर्धेत उतरला आणि जिंकूनच आला. त्यांच्याकडे तेव्हा कृत्रिम बर्फाची चंगळ नव्हती, जमिनीवरच्या व्यायामावर त्यांचा भर होता.

गजकप्रेमी | 6 नोव्हेंबर, दुपारी 2:02

सोव्हिएत संघाकडे निदान थंडी होती हो.

मुरारची_ताई | 6 नोव्हेंबर, संध्याकाळी 6:30

भांडण पुरे. लष्करकरांचा पहिला प्रश्न तसाच राहिलाय, दहा आठवडे काय करायचं. माझी यादी घ्या.

लंगडी. हसू नका. एका पायावर, गुडघा वाकवून, धक्का न देता टेकणं. स्केटिंगचा अर्धा वेळ तुम्ही एकाच पायावर असता, आणि आपल्या पोरांना दोन पायांवर घसरायची सवय असते. लंगडी घालताना पाय टेकल्यावर दोन आकडे थांबायचं, मग पुढची उडी.

भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखं बसणं, रोज थोडं थोडं वाढवत.

आणि सगळ्यात उपयोगी, घसरफळी. परदेशात विकत मिळते. आपण सनमायका लावलेला प्लायवूडचा तुकडा घ्यायचा, दोन्ही टोकांना लाकडी पट्ट्या ठोकायच्या, वर पायमोजे घालून उभं राहायचं. एका पट्टीला पायाने रेटायचं, घसरत दुसऱ्या टोकाला जायचं, तिथून परत. टोरांटोकर म्हणाले तो बाजूचा रेटा आणि पाय परत अंगाखाली, दोन्ही यातच येतं. पोरं कंटाळत नाहीत, उलट रांगेवरून भांडतात.

आजीचा_वाडा | 6 नोव्हेंबर, रात्री 8:10

आमच्या वाड्यातल्या ओसरीची फरशी इतकी गुळगुळीत आहे की लहानपणी आम्ही लोकरी मोजे घालून हेच करायचो. आजी ओरडायची, 'गिरशील!' मावशी पुण्याची, ती म्हणायची, 'पडशील म्हणा.' आम्ही दोन्ही भाषांत आपटायचो.

चौथी_ओळ | 6 नोव्हेंबर, रात्री 8:25

माझा मुलगा यातला गोलकीपर आहे. त्याला स्केटिंग कमी आलं तरी चालेल ना? उभंच तर राहायचंय.

जुना_तेरा_नंबर | 6 नोव्हेंबर, रात्री 8:50

उलट आहे हो. गोलकीपर सतत छोट्या सरकण्यांवर असतो: बाजूला, पुढे, मागे, गुडघ्यावर जाऊन परत उभा, तेही अंगावर गादीएवढे पॅड घेऊन. आणि थांबणं त्याला सगळ्यांत नेमकं लागतं, वीतभर पुढे गेला तर गोल. त्याला घसरफळीवर दुप्पट वेळ द्या.

चौथी_ओळ | 6 नोव्हेंबर, रात्री 8:53

बरं झालं विचारलं. त्याला अजून सांगितलेलं नाही.

लष्करकर | 28 डिसेंबर, रात्री 10:30

मधला अहवाल. घसरफळी बनली, सुताराने आठ फुटांची करून दिली. चवड्यावर चढणाऱ्या मुलीच्या स्केटचे रबरी गोळे काढले. तीन दिवस रुसली, चौथ्या दिवशी विसरली. उलट्या स्केटिंगसाठी खडूने जमिनीवर चंद्रकोरी काढल्या, पाय मागे नेताना चाकं त्या कोरीवरून गेली पाहिजेत. टोरांटोकर यालाच सी-कट म्हणत असावेत. बैठका रोज. पालक विचारतात, हॉकी कधी सुरू होणार.

टोरांटोकर | 29 डिसेंबर, सकाळी 6:40

हीच हॉकी आहे म्हणावं. चंद्रकोर झकास, मी चोरतोय.

लष्करकर | 24 जानेवारी, रात्री 9:05

परत आलो. सगळे धड आहेत, आधी ते सांगतो.

तेरा नंबर अक्षरशः खरे ठरले. पहिल्या दिवशी माझ्या पोरांनी बर्फावर पाय ठेवला आणि सुसाट सुटली. मला वाटलं, चला, जिंकलं. तिसऱ्या मिनिटाला तिघं कडेच्या ढिगात, त्यातला एक थेट डोकं खुपसून. तिथले लडाखी कोच शांतपणे आले, स्टिका गोळा केल्या आणि एका कोपऱ्यात ठेवल्या. दोन दिवस परत दिल्या नाहीत. ताई, तुम्ही जिंकलात.

पहिला तास भुगा काढण्यात गेला. बर्फ नैसर्गिक, मध्ये भेगा, कुठे खडबडीत, आरशासारखा मुळीच नाही. किसणीचा आवाज सगळ्यांत आधी आला तो त्या चवड्यावर चढणाऱ्या मुलीला. का ते कळलं नाही. कदाचित तिच्या जुन्या सगळ्या सवयी आम्ही आधीच मोडल्या होत्या, म्हणून.

घसरफळीचा फायदा स्पष्ट दिसला, बाजूचा रेटा सहाही जणांना आयता आला. एका पायावर घसरणं चौघांना. चंद्रकोर मात्र बर्फावर पहिल्यांदा कोणालाच जमली नाही. चाकांवर मागे जाताना कड लागते हे त्यांना जाणवलंच नव्हतं, शरीर नुसतं हलवत होते. चौथ्या दिवशी दोघींना जमली. क्रॉसओव्हर केले नाहीत. माझ्या वहीत ते तिसऱ्या दिवशी लिहिलेले होते, वही मी हॉटेलातच ठेवली.

पाचव्या दिवशी सामना झाला, अर्ध्या मैदानावर, तिथल्या आठ-नऊ वर्षांच्या पोरांशी. हरलो. किती गोलांनी ते विचारू नका, रूपसिंगांच्या शहराची अब्रू आहे. पण शेवटच्या मिनिटात आमची एक मुलगी पक घेऊन कडेपर्यंत गेली आणि थांबली. खर्रर्र. पक पुढे गेला, ती थांबली. मागे वळून माझ्याकडे बघितलं, पकाचं तिला काही पडलंच नव्हतं.

अस्थिपंजर | 24 जानेवारी, रात्री 9:20

डोकं खुपसलेल्याचं हेल्मेट नीट बसलं होतं ना?

लष्करकर | 24 जानेवारी, रात्री 9:24

होतं, जाळीसकट. जाळीत बर्फ भरला, तो त्याने खाल्ला.

गजकप्रेमी | 24 जानेवारी, रात्री 9:26

म्हणजे बर्फाचा गोळा मिळाला म्हणायचा.

कंपूवाला_भाऊ | 25 जानेवारी, सकाळी 8:00

माझी नात दहा वर्षांची आहे. ती घसरफळी जमिनीवर नुसती ठेवली तर सरकत नाही का? आणि मोजे लोकरीचे की सुती?

मुरारची_ताई | 25 जानेवारी, सकाळी 8:40

खाली रबरी चटई घाला. मोजे लोकरीचे, सुती चिकटतात. थोडी टाल्कम पावडर टाकली तर आणखी छान, पण घरच्यांना आधी सांगून.

लष्करकर | 25 जानेवारी, सकाळी 8:55

भाऊ, रविवारी संध्याकाळी पाचला नातीला घेऊन मैदानावर या. फळी आहेच, मोजे तेवढे आणा.